अकरावी तक्रार

तुमच्या यादीतून कारण निवडावं लागतं.
नग्नता. फसवणूक. द्वेष. मला हे आवडलं नाही.
पहिल्या खेपेला मी शेवटचं निवडलं,
कारण खरंच आवडलं नव्हतं.

आता सविस्तर लिहिते.
फोन भाचीचा, अंगठा तिचा, शब्द माझे.
मी एदिल्मा यातकुए. काउकाच्या डोंगरातली, नासा लोकांतली.
गावच्या राखणीत आहे. हातात काठी,
काठीला लाल-हिरव्या फिती. हत्यार म्हणाल तर तेवढंच.

समोरच्या उतारावर रात्री दिवे पेटतात.
ते शहर नव्हे, गांजाची हरितगृहं.
वीज सगळी तिकडे जाते, आमच्याकडे मेणबत्ती.
तरी पोरांचे फोन भरलेले असतात. कसे, ते विचारू नका.
पोरं वीज हुंगून काढतात.

तसल्याच एका फोनमध्ये तो व्हिडिओ आला.
अठरा सेकंद.
कोरे बूट, मोटरसायकल, नोटा मोजणारं बोट,
आणि एक पोरगी, खांद्याला रायफल लावून नाचणारी.
मागचा डोंगर आमचाच. तिथं आम्ही कॉफी तोडतो.
खाली लिहिलेलं: येतोस का?

दुबेर्नेई इपिया, वय तेरा.
टोपली झाडाखाली ठेवली, अर्धी भरलेली,
आणि गेला.

ठाव लागायला तीन आठवडे गेले.
मग चौतीस जण निघालो.
अर्नुल्फो पुढे. त्याचा गुडघा दुखरा, म्हणून सगळेच सावकाश.
कमांडर म्हणवणारा असेल बावीस-तेवीसचा.
म्हणाला, आम्ही कुणाला ओढून आणलेलं नाही.
त्यानंच उत्तर दिलं, हे बघ.
आणि स्क्रीन माझ्या नाकासमोर धरली:
एक लाल हृदय, आणि 'हो'.

मी म्हटलं, बाबा रे,
ह्याची नाळ मी पुरलीय,
चुलीच्या तीन दगडांपाशी, ह्या हातांनी.
ती उकरून दाखव आधी,
मग ह्याचा 'हो' मला दाखव.
तो हसला. मग स्वतःच्या बुटांकडे बघत राहिला.

तेवढ्यात दुबेर्नेई दिसला.
रायफल नव्हती त्याच्याकडे. फोन होता,
आमच्यावर रोखलेला.
आमचाच व्हिडिओ काढत होता पोरगा.
दुबे, मी विचारलं, बरी दिसतेय का रे मी?
चित्र हललं असणार. हात तर हललाच.

दिवस मावळेपर्यंत उभे राहिलो.
कुणी बसलं नाही, अर्नुल्फोसुद्धा.
अंधार पडताना म्हणाले, न्या.
बूट मात्र काढून घेतले.
अख्खा उतार तो अर्नुल्फोच्या मोज्यांत चालला.
त्या नाचणाऱ्या पोरीचंही विचारलं मी.
ती आता इथं नाही, म्हणाले.
इथं नाही म्हणजे कुठं, ते कुणी बोललं नाही.

पोरगा परत आला. व्हिडिओ परत येत नाहीत.
आता एकात तोही आहे, कोऱ्या बुटांत, दात काढून.
दहा वेळा तुमचं उत्तर आलं, शब्दाला शब्द तोच:
आम्ही तपासलं. नियमांचा भंग होत नाही.
तुमचा अनुभव आमच्यासाठी मोलाचा आहे.

काल त्याचा धाकटा भाऊ, आठ वर्षांचा,
घोंगडीत तोंड खुपसून तेच बघत होता.
दुबेर्नेईनं फोन हिसकावला नाही.
शेजारी बसला. बराच वेळ काही बोलला नाही.
मग म्हणाला, चावतात ते बूट.

माझं म्हणणं थोडकंच आहे.
तुमचे नियम मला वाचता येत नाहीत, भाचीलाही उमगले नाहीत.
पण ती पोरगी अजून नाचतेय.
सकाळी नाचते, मध्यरात्री नाचते,
कुठल्या कुठल्या पोरांच्या हातात.
तिला दमू द्या. तिला आता

अक्षरं संपली, म्हणतेय भाची.